दाजी भाषांतर करतात

१२ फेब्रुवारी

ताई,

फाडायचंच असेल तर हे पान वाचून फाड. फोनवर तू मला बंद केलंयस आणि घरच्या पत्त्यावर कुणाच्या हाती पडेल सांगता येत नाही, म्हणून लॅबच्या पत्त्यावर टाकतोय. रिसेप्शनवरच्या पोरीनं फोडलंच तर तिचीही करमणूक होईल. माझं शुद्धलेखन सातवीच्या पुढे गेलेलं नाही, तेव्हा लाल पेन बाजूला ठेव.

दाजी इथे आलेत. नुसते या देशात नाही, माझ्याच कारखान्यात. ते तुला ठाऊक असणार, बॅग तूच भरली असशील. सोमवारी सकाळी गेटवर पांढरं हेल्मेट दिसलं. पांढरं म्हणजे इंजिनियर, आम्ही पिवळे. पांढऱ्याखालचं नाक बघितलं, जरा डावीकडे वाकलेलं, आणि मनात म्हटलं, अरे, हे तर आपलंच काम!

मी ओळख दाखवली. त्यांनी नाही दाखवली. दुपारी मला सामानाच्या खोलीत गाठलं आणि म्हणाले, "इथे मी तुझा कुणी नाही. चारचौघांत दाजी म्हणालास तर पुढच्या विमानात बसवीन." मी म्हटलं, "बरं, साहेब." ते म्हणाले, "आणि उन्हाळ्यात फॅमिली येतेय. तेव्हा आमच्या घराच्या आसपास दिसायचं नाही."

फॅमिली म्हणजे तू आणि छकुली. ताई, येऊ नकोस. त्यासाठीच हे पत्र आहे.

त्यांचा व्हिसा वरच्या वर्गाचा. शिकलेल्यांचा. त्यावर बायको-पोरं आणता येतात. माझ्या व्हिसावर बायको सोड, शेळी आणता येत नाही. पण तू आलीस तर तुझा व्हिसा त्यांच्या व्हिसाला शेपटासारखा चिकटलेला असणार. नोकरी करता येणार नाही. वेगळी राहिलीस तर व्हिसा गेला. त्यांनी नुसतं कळवलं की ही माझ्यासोबत राहत नाही, की तुझी बॅग भरा. तिथे निदान भिंतीपलीकडे शेजारीण आहे. इथे भिंतीपलीकडे भाषासुद्धा नाही. मी काही वकील नाही. पण मी मालकाला बांधलेला माणूस आहे, दोरी कशी असते एवढं मला कळतं.

त्या दिवशी तुझ्या डाव्या कानातून रक्त आलं होतं. बाथरूममध्ये घसरले म्हणालीस. बाथरूमला पाच बोटं नसतात, ताई. मी त्यांचं नाक फोडलं आणि तू झाडू उचललास तो माझ्यावर. ठीक आहे. दोन वर्षं बोलली नाहीस, तेही ठीक. माफी मागायला लिहीत नाही.

तुझ्याकडे लॅबचा डिप्लोमा आहे. इथली हॉस्पिटलं रक्त तपासणारी माणसं बाहेरून आणतात, त्यांना स्वतःच्या नावाचा व्हिसा मिळतो असं ऐकलंय. यायचंच असेल तर तसं ये.

अक्षर असं आलंय कारण हाताला पट्टी आहे. कामात भाजला. जास्त नाही.

६ मार्च

ताई,

उत्तर नाही. म्हणजे फाडलंस, किंवा वाचलंस. दोन्ही सोडून तिसरंच काही झालं असेल तर मला कळायला मार्ग नाही.

आमचं काम सांगतो, म्हणजे दाजी काय करतात तेही कळेल. लोखंडाला गंज लागू नये म्हणून आम्ही त्याला वितळलेल्या जस्तात बुडवतो. जस्ताचा हौद आहे, आपल्या जुन्या घराएवढा लांब. वरून शांत दिसतो, आरशासारखा. त्यात थुंकलं तरी ठिणगी उडते. पोकळ पाइप असेल तर त्याला दोन्ही टोकांना भोक लागतं. नसेल, आणि आत ओल राहिली, तर वाफ कोंडून पाइप बॉम्बसारखा फुटतो. म्हणून दाजी टॉर्च घेऊन भोकं बघतात आणि पाइपांच्या प्रत्येक जोडाला पत्र्याची चकती तारेनं बांधतात. चकती म्हणजे मी बघितलंय, बुडवा.

फोरमनला आम्ही बोका म्हणतो. पाय न वाजवता मागे येऊन उभा राहतो म्हणून. त्याच्या हातात साखळीचा तुकडा असतो, कुत्रं फिरवायला निघाल्यासारखा. कुत्री आम्हीच.

मागच्या पत्रात खोटं लिहिलं. हात कामात भाजला नव्हता. आमच्यात एक पैलवान आहे. फुंकर मारली तर उडेल असा, म्हणून पैलवान. आपल्याच भाषेचा. त्याची बायको बाळंत झाली म्हणून त्यानं आठवड्याची सुट्टी मागितली. बोक्यानं उत्तर म्हणून साखळी घातली, पाठीवर. दुसऱ्यांदा उचलली ती मी हवेतच धरली. मग त्यानं साखळीसकट माझा हात नुकत्याच हौदातून काढलेल्या लोखंडावर दाबला. दाबून धरला. मांस भाजल्याचा वास यायला लागला आणि मला वाटलं कुणीतरी जेवण गरम करतंय. दाजी तिथेच होते. टॉर्च लावून भोकं बघत होते.

रस्त्यापलीकडे एक छोटा कारखाना आहे. त्याचा म्हातारा मालक वेल्डर शोधतोय. त्यानं माझ्याकडून एक जोड करून घेतला, हातोडीनं ठोकून बघितला आणि पाठीवर थाप मारली. तो मला कारागिरांच्या वर्गात घालायला तयार आहे, म्हणजे पुढेमागे इथेच राहायचा हक्कही मिळू शकतो. फक्त बोक्याच्या कंपनीनं मला सोडलं असं पत्र हवं. त्याला इथे रिलीज म्हणतात. मी पैलवानाला म्हटलं, "सिनेमा होतो तसा मीपण रिलीज होणार." तो म्हणाला, "तू पहिल्या दिवशीच पडणार."

पडलोच. बोका इथली भाषा बोलतो, दाजी त्याचं मराठी करून सांगतात. बोका काहीतरी भुंकला. दाजी म्हणाले, "साहेब म्हणतात, रिलीज मागायची तुझी लायकी आहे का, ते तुझ्या बहिणीला जाऊन विचार."

इथली भाषा मला बोलता येत नाही, पण कामापुरती आणि शिव्यांपुरती कळते, ताई. बोका आईवरून बोलला होता. आई गेली, तिला आता काय लागतंय. दाजींनी ती शिवी उचलून बहिणीवर आणून ठेवली.

मी म्हटलं, "बहीण तुमच्याच घरात आहे, साहेब. तुम्हीच विचारून सांगा."

पैलवान खोकल्यासारखा हसला. दाजींच्या मानेवरची शीर उडायला लागली. ती शीर तुला माहीत आहे.

३० मार्च

ताई,

हे पोलीस ठाण्याच्या बाकावर बसून लिहितोय. पेन्सिल इथल्या शिपायानं दिली. दुसऱ्या कुणाकडून काही कानावर यायच्या आत माझ्याकडून ऐक.

काल माल लवकर द्यायचा होता. बोका सकाळपासून साखळी आपटत फिरत होता. दाजी धावत धावत चकत्या बांधत होते, टॉर्च खिशातच होती. मी बघितलं. बोललो नाही, कारण साहेबांशी बोलायचं नाही असं साहेबांनीच सांगितलं होतं.

क्रेननं जोड खाली आणला. पैलवान टोकाला आकडा धरून उभा. पाइप अर्धा आत गेला. आधी आवाज येत नाही. आधी जस्त वर येतं, पोट फुगावं तसं. मग फुटतं. मी गुडघ्यांवर पडलो. डोकं वर केलं तर पैलवान चांदीचा झाला होता. बाही, कोपर, पंजे, अर्धा गाल. जस्त अंगावर पडलं की लगेच थिजतं. त्यानं ते ओढून काढायला बघितलं तर चांदीबरोबर कातडी आली. तो "आई" असं नाही ओरडला. तो नुसता आ करून उभा होता, आवाज मागाहून आला.

बोका ओरडला. मला वाटलं पाणी म्हणाला, गाडी म्हणाला. तो बोटानं चकती दाखवत होता. आणि दाजी पळाले. पैलवानाला ओलांडून पळाले, ताई. जोडाची तार पिळून चकती सोडवली आणि खिशात घातली.

माझ्या हातात लोखंडी आकडा होता. पहिला फटका बोक्याच्या खांद्यावर. हाड मोडलेलं हातात कळतं, कानात नाही. दुसरा गुडघ्यावर. तो खाली बसला आणि मला बरं वाटलं. खोटं कशाला लिहू, फार बरं वाटलं. तिसरा उचलला तेव्हा समोर दाजी होते, एक हात खिशात. तिसरा त्यांचा होता. नाक समोर होतं.

नाही मारला. का ते सांगता येत नाही. आकडा टाकला, पैलवानाला दोघातिघांनी उचललेलं बघितलं, आणि तोंडातून आपोआप निघालं, "येतो मी, दाजी." आणि गेटकडे चालत सुटलो. पोलिसांनी रस्त्यावरच धरलं.

कुणीतरी मोबाइलवर सगळं घेतलंय. पैलवान जिवंत आहे.

१४ एप्रिल

ताई,

सुटलो. नीट सांगतो, कारण यात तूही आहेस.

चौकशीला कामगार खात्याच्या एक अधिकारी बाई होत्या. बारीक केस, कपाळाला आठी. त्यांनी मला आधीच खुणांनी आणि सोप्या शब्दांत समजावलं होतं. मारामारी ही एक गोष्ट, धमकी ही दुसरी. कंपनीत माणसांना मारतात हे दिसलं आणि मी चिडून मारलं असं ठरलं, तर मला साक्षीदार म्हणून राहता येईल, रिलीजशिवाय दुसरा मालक धरता येईल. मी डाव धरून मारलं आणि वर धमकी देऊन गेलो असं ठरलं, तर आधी तुरुंग, मग विमान.

बोका हात गळ्यात बांधून बसला होता. कंपनीच्या वकिलानं मोबाइलवरचं ते शूटिंग लावलं. आकडा, बोका खाली, मग माझा आवाज. तिथे त्यानं थांबवलं. बाईंनी विचारलं, हा काय म्हणतोय? भाषांतर करायला कंपनीनं कुणाला आणलं असेल? पांढरं हेल्मेट मांडीवर घेऊन दाजी बसले होते.

दाजी बाईंच्या भाषेत म्हणाले, "हा म्हणतोय, मी येतोय. तुला बघून घ्यायला येतोय."

एका शब्दाचा ध चा मा. आणि तोही अर्धा खराच. येतोच तर म्हणालो होतो! कोणत्या तोंडानं नाही म्हणू? बाई लिहायला लागल्या. मला बोलायला शब्द पुरेनात. तेव्हा मी मराठीतच, सरळ दाजींना विचारलं, "दाजी, घरातून निघताना ताईला काय म्हणालात? येतो म्हणालात की जातो?"

बाईंनी विचारलं, काय म्हणतोय? दाजी म्हणाले, "मला शिव्या देतोय."

"येतोच म्हणाला असाल," मी म्हटलं. "मग ती तेव्हापासून घाबरून बसली असेल, की हा बघून घ्यायला येतोय."

"तोंड सांभाळ."

"तिच्या कुठल्या कानात म्हणालात? उजव्या की डाव्या? डाव्यातून तिला आता किती ऐकू येतं?"

ती शीर उडायला लागली होती. हेल्मेट गडगडत खाली गेलं आणि टेबलावरून हात आला. कानाखाली. डाव्याच. डोक्यात शिट्टी वाजली, तोंडात रक्त आलं. दुसरी पण बसली असती, वकिलानंच त्याला मागे ओढला. माझे दोन्ही हात टेबलावर पसरलेले होते. बाईंनी ते बघितलं. त्यांना दिसावेत म्हणूनच पसरले होते.

तो मारणार हे मला माहीत होतं. त्यासाठीच बोललो. तो तडाखा मी मागून घेतला.

मग बाईंनी त्याला बाहेर काढलं आणि फोनवर दुसरं माणूस शोधलं. कुठल्याशा लांबच्या शहरातल्या आपल्याच एक म्हाताऱ्या बाई, सरकारसाठी भाषांतर करणाऱ्या. त्यांना तो तुकडा ऐकवला. फोनमधून हसणं आलं. मराठीत म्हणाल्या, "अगं बाई, हा तर निरोप घेतोय!" मग अधिकारी बाईंना त्यांच्या भाषेत बराच वेळ समजावलं, की आमच्यात घराबाहेर पडताना जातो कुणी म्हणत नाही, जातो म्हणजे कायमचा गेला, म्हणून जाणारा येतो म्हणूनच जातो. बाईंनी तीन वेळा विचारलं. शेवटी लिहिलेलं खोडलं.

पैलवानानं हॉस्पिटलातून चकतीचं सांगितलं. माझा पासपोर्ट कंपनीकडून काढून बाईंनी मला दिला. बोक्याला मारल्याची केस चालेल, पण तोवर मी साक्षीदार आहे आणि म्हाताऱ्याकडे काम करू शकतो. फक्त केस संपेपर्यंत देश सोडायचा नाही. सोडला तर साक्ष गेली आणि परवानाही गेला.

आता तुझ्या नवऱ्याचं. कंपनीनं हात झटकले. चकती त्याची, चूक त्याची. नोकरी गेली की व्हिसाही जातो, पांढऱ्या हेल्मेटचा दोरही त्याच खुंटीला होता. बाई त्याच्यापर्यंत पोचायच्या आत कंपनी त्याला विमानात बसवेल असं म्हणतात.

तुझं इथे येणं टळलं, ताई. मी जिंकलो असं वाटलं. रस्ता ओलांडून म्हाताऱ्याच्या कारखान्यात पोचलो तेव्हा डोक्यात आलं, विमान जाणार कुठे? तुझ्याकडेच ना.

२६ एप्रिल

ताई,

काल तू फोन ठेवलास. आज लिहितोय, कारण फोनवर मला नुसतं हो हो म्हणता आलं.

तुझ्या बाजूनं काय बोलणं झालं ते तुला माहीत आहे. माझ्या बाजूनं काय झालं ते सांगतो. मी बॅग भरून, पासपोर्ट खिशात घालून उभा होतो. त्याच विमानाचं तिकीट, त्याच्या मागच्याच रांगेतली सीट. म्हाताऱ्याला कळवलं नव्हतं, बाईंनाही नाही. लॅबचा नंबर लावला तो नुसतं सांगायला, की घाबरू नकोस, तो एकटा येत नाही.

रिसेप्शनवरची पोर म्हणाली, "मॅडम रक्त घेताहेत, थांबा." थांबलो. दोन वर्षांनी तुझा आवाज आला, आणि काय आला, "बोल लवकर."

"ताई, दाजी उद्या येतायत."

"माहीत आहे."

"मीपण येतोय. त्याच विमानात. तो दाराशी पोचायच्या आत—"

"आत काय? नाक झालं. आता काय फोडणारेस?"

"पत्रं वाचलीस?"

"सगळी. आणि शेवटचं दोनदा. माझा कान तू त्या बाईंच्या टेबलावर नेऊन ठेवलास. मला विचारलंस?"

"अगं, तुझ्या भल्यासाठीच—"

"तेही हेच म्हणतात. मारल्यावर दरवेळी हेच म्हणतात. एकानं कान फोडायचा आणि दुसऱ्यानं तो दाखवून स्वतःची सुटका करून घ्यायची. त्या दिवशी झाडू तुझ्यावर का उचलला माहितीय? तू घरी गेलास. मला रात्रभर त्याच घरात राहायचं होतं. तुझ्या फटक्याची किंमत मी मोजली."

हे मला कधी सुचलंच नव्हतं, ताई. देवाशप्पथ, कधीच नाही.

मग तू म्हणालीस, कुलूप बदललंय. छकुली आपल्या आत्याकडे आहे. पोलिसांत लेखी दिलंय, लॅबच्या डॉक्टरीणबाई सोबत आल्या होत्या. आणि म्हणालीस, "ते आले तर दार उघडणार नाही. नीट ऐक, तू आलास तरी उघडणार नाही."

मी हो म्हटलं. बॅगेचा पट्टा इतका आवळला होता की जुनी भाजलेली कातडी फाटली. समोर भिंत होती, तिच्यावर डोकं आपटावंसं वाटलं. कुणाला तरी मारावंसं वाटलं आणि मारायला जवळपास मीच होतो.

ठेवताना तू विचारलंस, "त्या लॅबच्या व्हिसाला नवऱ्याची सही लागते का?" मी म्हटलं, "विचारून सांगतो." तू म्हणालीस, "नुसतं विचार. कुणाची कॉलर धरू नकोस."

तिकीट परत केलं. आज सकाळी इथल्या मोठ्या हॉस्पिटलात गेलो. खिडकीतल्या माणसानं मला अर्धा तास उभं केलं, आधी चहा घेतला, मग मागच्याशी गप्पा मारल्या. मी हात खिशात ठेवले. तुझा डिप्लोमा चालतो. इथली एक परीक्षा द्यावी लागेल, ती तिथूनच देता येते. व्हिसा तुझ्या नावाचा निघेल आणि छकुली तुझ्या व्हिसावर येईल. तिच्यासाठी बापाची संमती किंवा कोर्टाचा कागद लागेल, ते डॉक्टरीणबाईंच्या वकिलाला विचार. बाकी तुझ्यासाठी नवऱ्याची सही लागत नाही. भावाचीही लागत नाही. मी दोनदा विचारलं.

हे पत्र तुला मिळेल तोवर तो पोचून कितीतरी दिवस झालेले असतील. बेल वाजवून झालेली असेल, रडून झालेलं असेल, दारावर लाथा मारून झालेल्या असतील. तू आत असशील आणि मी इथे वेल्डिंग करत असेन. एवढं लांब बसणं मला जमत नाही, ताई, पण बसलोय.

केस संपली की मला यायला मोकळीक मिळेल. कधीतरी तुझ्या दारावर मीही उभा असेन, आणि बाहेरून म्हणेन, ताई, मी आहे, उघड. तेव्हा आधी आतून विचार, हात कुठे आहेत. आणि उत्तर पटलं नाही तर मलाही उघडू नकोस.

धाकटा